जकातीतली घरं आणि दोह्यातले तीन आठवडे

परदेशातून आलेल्या माणसाला लोक आधी हवा कशी होती ते विचारतात आणि मग खायला काय मिळालं ते. दोन्ही सांगून टाकते. जानेवारीतली दोह्याची हवा आपल्याकडच्या सकाळसारखी असते, उन्हात बरं वाटतं आणि संध्याकाळी शाल लागते. खायला सगळं मिळतं, अळूची पानंसुद्धा, फक्त ती केरळच्या माणसाच्या दुकानात मिळतात आणि तो त्यांना आपलीच समजतो. पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. लेकीकडे तीन आठवडे राहायला गेले होते, आणि तिथे माझ्याच नोकरीतली एक जुनी गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती सांगायची आहे.

मदिनत खलीफा

माझी मुलगी गौरी, जावई निखिल आणि सात वर्षांची नात मीरा मदिनत खलीफा नावाच्या वस्तीत राहतात, म्हणजे तेव्हा राहत होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गौरीबरोबर किराणा आणायला गेले. बिल हातात आलं तेव्हा सवयीने माझी नजर खाली कराच्या ओळीकडे गेली. तशी ओळच नव्हती. मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. गौरी हसली. म्हणाली, आई, इथे विक्रीकर नाही, थंड पेयं आणि सिगारेट यांच्यावर काय असेल तेवढाच. बाकी जेवढी किंमत लिहिली तेवढीच द्यायची.

माझी सगळी नोकरी कर गोळा करण्यात गेली. आमच्या महापालिकेच्या जकात खात्यात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडले. शहराचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि पुढे काही गोष्टी अशा येणार आहेत की नाव न आलेलं बरं. तर अशा बाईला कर नसलेलं बिल बघून आनंद व्हायला हवा होता. मला मात्र पहिला प्रश्न पडला तो हा की मग या शहराचे रस्ते, दिवे, कचरा कशावर चालतं. निखिलने संध्याकाळी एका शब्दात उत्तर दिलं. गॅस.

निखिल बांधकाम कंपनीत आहे, दोन वर्षांच्या करारावर. कामं मोठी आणि पगार बरा, पण त्यातला मोठा वाटा घरभाड्यात जातो. त्यांचं घर बाहेरून पाहिलं तर वाळूच्या रंगाच्या उंच भिंतीआडचा एक देखणा बंगला होता. आत गेल्यावर कळायचं की त्या एका बंगल्यात सहा दारं आहेत. कोणी एका मध्यस्थाने सगळा बंगला मालकाकडून भाड्याने घेतला होता आणि मध्ये पातळ भिंती घालून सहा कुटुंबांना वाटून दिला होता. गौरीच्या वाट्याला आली होती मूळची मजलिस, म्हणजे पाहुण्यांना बसवायची मोठी खोली. तिचेच दोन भाग करून दोन खोल्या झाल्या होत्या आणि स्वयंपाकघर जिन्याखाली. उभं राहून भाजी परतताना डोकं सांभाळायला लागायचं. पहिल्याच दिवशी माझं कपाळ आपटलं, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या केरळी नर्सबाईने काय झालं म्हणून विचारलं. इतक्या त्या भिंती पातळ.

तरी घर आनंदी होतं. नर्सबाई माशाचं कालवण पाठवायच्या, आमच्याकडून थालीपीठ जायचं. मीराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हणायचे, चल वेणी घालू, आणि ती म्हणायची, “आजी, फाइव्ह मिनिट्स.” मग पाच मिनिटांनी खरंच येऊन बसायची.

पाचव्या दिवशी सकाळी दोन निरीक्षक आले. एक तरुण कतारी होता, दुसरा सुदानी. दार वाजवून थांबले, घरात बायका आहेत का ते विचारलं, आणि गौरीने या म्हटल्यावरच आत पाऊल टाकलं. त्यांनी मधल्या भिंतीवर बोटाने टकटक केली, टेप लावून माप घेतलं, फोटो काढले. मीही अशी कितीतरी दारं वाजवलेली आहेत, त्यामुळे मी त्या पोराचा चेहरा बघत होते. त्याला ते काम आवडत नव्हतं. मीराने भिंतीवर चिकटवलेली चित्रं फोटोत येऊ नयेत म्हणून तो जरा बाजूला सरकला. जाताना गौरीला इंग्रजीत म्हणाला, की आग लागली तर ही मुलगी कुठून बाहेर पडेल ते मला दाखवा. गौरीला दाखवता आलं नाही. मलाही नसतं आलं. तो बरोबरच होता.

दाराबाहेर कागद लागला. भिंती काढायच्या, एका बंगल्यात एकच कुटुंब. मध्यस्थाने फोनवर सगळ्यांना सांगितलं, दोन आठवडे, खलास. अडचण नुसती सामान हलवण्याची नव्हती. गौरी आणि मीराच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि तो वाढवून घ्यायला निखिलच्या नावावर रीतसर नोंदलेला भाडेकरार लागत होता. मध्यस्थाने दिलेला कागद त्यासाठी चालण्यासारखा नव्हता. गौरी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करताना मला म्हणाली की घर नाही मिळालं तर मी आणि मीरा तुझ्याबरोबरच परत येऊ, हा राहील कुठेतरी चौघांत. निखिल ऐकत होता. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गाडी पुसत बसला.

घरं बघताना

दुसऱ्या दिवशी निखिलने प्रकाशला बोलावलं. प्रकाश एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. निखिलच्या साइटवर त्याचं जाणं-येणं, तिथूनच ओळख. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने सडपातळ. बायको आणि मुलगा भारतात, हा कंपनीच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहतो. एसीच्या निमित्ताने शहरातली शेकडो घरं त्याने आतून पाहिलेली, त्यामुळे कुठे काय रिकामं आहे ते दलालाआधी त्याला कळतं. सुट्टीच्या दिवशी आणि काम सुटल्यावर तो त्याची पिकअप घेऊन यायचा आणि आम्हाला घरं दाखवायचा. पैशाचा विषय काढला की “राहू द्या” एवढंच.

तो माझ्याच शहरातला निघाला. मला फार आनंद झाला. कुठल्या भागातला, शाळा कुठली, मी भराभर विचारत सुटले. तो उत्तरं द्यायचा, पण मोजकी. निखिलचे बाकीचे सगळे मित्र मला काकू म्हणायचे, हा पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत होता. मी एकदा म्हटलंही, अरे, काकू म्हण. तो हो म्हणाला आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा मॅडम म्हणाला. मला वाटलं, साइटवरची सवय असेल.

आम्ही आठ-नऊ घरं पाहिली. एक आवडलं, त्याचं भाडं निखिलच्या पगाराच्या जवळजवळ निम्मं. एक परवडणारं, पण तिथेही मध्ये तशीच भिंत. एका ठिकाणी जागा फक्त साहेबलोकांच्या कंपन्यांना द्यायची होती. अल दुहैल नावाच्या वस्तीत मी एकटीच पुढे चालत जाऊन चुकीच्या फाटकातून आत शिरले, कारण तिथल्या सगळ्या भिंती एकसारख्या. आतल्या फिलिपिनो बाईने मला न विचारता खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वेलची घातलेला घट्ट दुधाचा चहा दिला, त्याला तिथे करक म्हणतात. गौरी मला शोधत आली तेव्हा मी त्या बाईच्या तीन मुलांचे फोटो पाहून संपवले होते. मुलं मनिलात होती. पाच वर्षांत तिने त्यांना दोनदा पाहिलं होतं.

गाडीत बसल्यावर माझ्या मनात आलं की हे शहर किती माणसांनी बांधलंय आणि त्यातल्या किती थोड्यांना इथे आपल्या माणसांसह राहता येतं. मग लगेच दुसरी गोष्ट मनात आली. आमच्या शहरात तरी काय वेगळं होतं.

अल दुहैल

त्या शुक्रवारी अल दुहैलमधल्याच एका मराठी कुटुंबाकडे जेवण होतं. दहा-बारा माणसं, बहुतेक तेल आणि गॅसच्या कंपन्यांतली, पुण्या-नाशकाकडची. खिचडी, मठ्ठा, कोशिंबीर, आणि यजमानबाईंनी स्वतः केलेले पापड, जे त्यांनी गच्चीवर तिथल्याच उन्हात वाळवले होते. जेवणानंतर विषय घरांवर गेला, कारण नोटिसा आणखीही लोकांना आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं की आजूबाजूच्या देशांत विक्रीवर कर आला, उद्या इथेही येईल, मग घरभाडं आणि वर कर. यजमान माझ्याकडे वळून म्हणाले, काकू, तुमचा तर हाच विषय. अशा कराचा आपल्यासारख्यांना कधी उपयोग होतो का?

मी सांगितलं की होऊ शकतो, आणि आमच्या शहराने तो एकदा करून दाखवला आहे.

शहरात विकायला किंवा वापरायला येणाऱ्या मालावर नाक्यावर जकात घेतली जायची. ते उत्पन्न शहराचं स्वतःचं असायचं, रोजच्या रोज यायचं. मी नोकरीत मध्यावर असताना एक आयुक्त आले होते. त्यांना दिसलं की बाजार वाढतोय तसे जागेचे भाव वाढतात, आणि जे हमाल, सफाई कामगार, मोलकरणी हा बाजार चालवतात ते दर वर्षी शहराबाहेर ढकलले जातात. त्यांनी ठराव आणला की जकातीच्या प्रत्येक रुपयातले काही पैसे वेगळ्या निधीत जातील आणि त्यातून या लोकांसाठी घरं होतील. बाजाराने जे बिघडवलं ते थोडं बाजारानेच दुरुस्त करावं, असं ते म्हणायचे. त्या निधीच्या समितीची सचिव मी होते.

एकाने विचारलं, नुसत्या तेवढ्या पैशात घरं होतात? मी म्हटलं, सगळी होत नाहीत. आम्ही बांधकामाचा पूर्ण खर्च कधीच त्यातून केला नाही. जागा पालिकेची, पायाभूत खर्च निधीतून, आणि उरलेल्या रकमेसाठी बँक हमालाला कर्ज द्यायला तयार नसायची तिथे हा निधी जामीन राहायचा. काही घरं विकलीच नाहीत, कमी भाड्याने दिली, म्हणजे ती पुढे बाजारात जाणार नाहीत. पहिल्या टप्प्यात तीन इमारती झाल्या. त्या आजही उभ्या आहेत.

गौरी म्हणाली, पण आई, कर तर गरीबही भरतो. मला तिचा अभिमान वाटला. तेच या कराचं दुखणं आहे. कमावलेलं सगळं ज्याला खर्च करावं लागतं त्याच्यावर विक्रीच्या कराचा बोजा जास्त पडतो. म्हणून त्या पैशातून त्याच्यासाठी काही परत आलं नाही तर तो कर त्याच्यावर अन्यायच आहे. आणि दुसरं दुखणं असं की बाजार मंदावला की निधीही आटतो, म्हणून चांगल्या वर्षात साठवून ठेवावं लागतं. तिसरं मी म्हटलं ते असं, की निधीला कुलूप भक्कम पाहिजे. ठरावाने बांधलेला निधी दुसऱ्या ठरावाने सुटतो.

लोक मन लावून ऐकत होते. मला बोलायला बरं वाटत होतं, निवृत्तीनंतर असं कोण ऐकतं. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या प्रकाशने विचारलं. जेवणानंतर एक घर दाखवायचं म्हणून तो आला होता, कधी आला ते मला कळलं नव्हतं.

“मॅडम, मग दुसऱ्या टप्प्याचं काय झालं?”

मी सांगितलं की जकात बंद झाली. तिच्या जागी दुसरा स्थानिक कर आला, तोही गेला, मग साऱ्या देशाचा एकच कर आला. शहराला राज्याकडून भरपाई मिळू लागली, पण तिच्यात घरांचा वेगळा हिस्सा नव्हता. त्यामुळे निधी बंद पडला.

यातला शब्द न् शब्द खरा होता. प्रकाशने मान हलवली आणि म्हणाला, यल्ला, निघू या, गाडी रस्त्यात लावलीय.

परतताना मी त्याच्या शेजारी पुढे बसले होते. गौरी आणि मीरा निखिलबरोबर त्यांच्या गाडीत मागून येत होत्या. सिग्नलला थांबल्यावर प्रकाश समोर बघतच बोलला. दुसऱ्या टप्प्याच्या यादीत त्याच्या वडिलांचं नाव होतं. किसन, धान्यबाजारात हमाल. अर्ज केला तेव्हा प्रकाश आयटीआयला होता. एकदा वडिलांबरोबर तो माझ्या टेबलापर्यंतही आला होता.

मला तो आठवला नाही. टेबलापुढे रोज माणसं यायची.

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. यादी स्थगित झाली तेव्हा कार्यालयाच्या फलकावर कागद लागला होता, की कागदपत्रांची छाननी अपूर्ण असल्याने पुढील वाटप तूर्त थांबवले आहे. वडिलांना वाटलं, आपल्याच कागदात काही राहिलं. शिधापत्रिकेवर नाव किसन होतं आणि बाजाराच्या ओळखपत्रावर कृष्णा. त्यांनी तीन वेळा प्रतिज्ञापत्र करून आणलं, तीन दिवसांची मजुरी बुडवून. घर मिळालं नाही. आई आजही म्हणते, धड एक कागद करता आला नाही तुम्हाला. वडील काही बोलत नाहीत, कारण त्यांनाही तसंच वाटतं.

“त्यांचा कागद चुकला होता का, मॅडम? एवढंच विचारायचं होतं.”

मी म्हटलं, आता नीट आठवत नाही रे.

हे मी आयुष्यात बोललेल्या खोट्यांपैकी सगळ्यात वाईट.

समैस्मा

दोन दिवस प्रकाशचा फोन नव्हता. मला वाटलं तो आता येणार नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो रजा टाकून आला. समैस्माला एक घर आहे, चला, म्हणाला.

समैस्मा दोह्याच्या उत्तरेला, किनाऱ्यावरचं गाव. मोठा रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळवंट, मग एकदम बुटकी घरं, मशिदीचा मनोरा आणि त्यापलीकडे हिरवट निळं, अगदी उथळ पाणी. मीरा गाडीतून उतरल्याबरोबर पाण्याकडे पळाली. ओहोटी होती. ती कितीतरी आत चालत गेली तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना.

घर छोटं होतं, मालकाच्या मोठ्या घराला लागून, त्याच्या वडिलांनी बांधलेलं. दोन खोल्या, खरंखुरं स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि अंगणात बोराचं झाड. मालक सत्तरीचे. सगळे त्यांना अबू खालिद म्हणत होते, म्हणजे खालिदचा बाप. प्रकाश त्यांचे एसी गेली सहा वर्षं बघतो. तरुणपणी व्यापाराच्या निमित्ताने ते मुंबईला येऊन राहिले होते, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. त्यांनी आम्हाला मजलिसमध्ये बसवलं, खजूर दिला आणि बिनदुधाची पिवळसर कॉफी दिली, इवल्याशा कपातून. कप रिकामा झाला की ते पुन्हा भरत. मी पाहुणीसारखी मुकाट्याने पीत राहिले. पाचव्या कपाला निखिलने हळूच सांगितलं की नको असेल तर कप नुसता हलवायचा. मी हलवला तेव्हा अबू खालिद मनापासून हसले. त्यांना वाटलं होतं, मला कॉफी फारच आवडली.

भाडं त्यांनी सांगितलं ते निखिलला झेपणारं होतं. करार त्याच्याच नावावर, रीतसर नोंदवून. रोज शहरापर्यंत जाणं-येणं होणार होतं, मीराच्या शाळेच्या बसचं बघावं लागणार होतं, पण गौरीने स्वयंपाकघरात जाऊन हात वर करून छताचा अंदाज घेतला आणि बाहेर येऊन निखिलकडे बघून मान हलवली. तिथेच ठरलं.

मी अबू खालिदना विचारलं की एवढं कमी कसं घेता. ते म्हणाले, ही जमीन त्यांच्या वडिलांना सरकारने दिली, बांधायला कर्जही दिलं, म्हणून मासे आणि मोती धुंडाळणाऱ्या माणसाचं पक्कं घर झालं. “हमको किसी ने दिया, तब हम बैठे हैं.” मग त्यांनी विचारलं की तुमच्या देशात गरिबाला घर कोण देतं. निखिल म्हणाला, आईंनी ते काम केलंय, त्या सांगतील. मी थोडक्यात सांगितलं. जकात, वेगळा निधी, तीन इमारती. म्हातारबाबांना ते फार आवडलं. बाजाराच्या पैशातून घर, ते दोनदा स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

“फिर वो पैसा किधर गया?”

प्रकाश दारापाशी एसीचं झाकण पुसत होता. त्याचा हात थांबला.

मी मराठीत बोलायला लागले. अबू खालिदना काय समजलं ते मला माहीत नाही, निखिल त्यांना अधूनमधून हिंदीत सांगत होता. जकात गेली तेव्हा निधी रिकामा नव्हता. दुसरा टप्पा सुरू होण्याइतका पैसा त्यात शिल्लक होता. नवीन आयुक्तांना तो रस्त्यांकडे वळवायचा होता, निवडणूक जवळ आली होती. त्यासाठी समितीच्या सचिवाची टिपणी लागत होती. मी हरकत घेऊ शकत होते, नियम माझ्या बाजूचा होता. माझी बढती अडून होती. मी लिहिलं, सदर रक्कम तूर्त अन्य कामाकडे वर्ग करण्यास हरकत नाही, आणि खाली सही केली. तूर्त म्हणून लिहिलं की मन शांत राहतं. रक्कम कधीच परत आली नाही. मग लोक विचारायला यायला लागले. फलकावर काय लावायचं म्हणून कारकुनाने विचारलं तेव्हा छाननी अपूर्ण हे शब्द मीच सांगितले, खरं तर छाननी होऊनच ती यादी लागली होती.

“तुझ्या वडिलांचा कागद चुकला नव्हता, प्रकाश. कुणाचाच चुकला नव्हता.”

गौरी माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्या वडिलांनाही मी कधी सांगितलं नव्हतं. प्रकाश बाहेर गेला. अबू खालिदनी माझा कप पुन्हा भरला. या वेळी मी तो हलवला नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. चार दिवसांत सामान समैस्माला गेलं, ते प्रकाशनेच त्याच्या पिकअपमधून नेलं. नर्सबाईंनाही त्याने जागा पाहून दिली. परवान्याचं काम झालं, गौरी आणि मीरा तिथेच राहिल्या. मी परत आल्यावर घडलं ते सगळं माझ्या सहीने लिहून महापालिकेला दिलं. रस्त्यांकडे गेलेली रक्कम परत करून दुसरा टप्पा पुरा करा, आणि आता जकात नसली तरी खरेदी-विक्रीतून शहराला जे काही मिळतं त्यातला हिस्सा घरांसाठी कायद्यानेच बांधा, नुसत्या ठरावाने नको, असंही मागितलं. यादीतल्या ज्यांचे पत्ते सापडले त्यांना प्रत दिली. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही. सोबत काम केलेल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे.

पण त्या दिवशी समैस्माला प्रकाश अर्ध्या तासाने परत आला. रागावला होता, ते दिसत होतं, आणि त्याने ते लपवलं नाही. म्हणाला, मला सांगून काय उपयोग, मॅडम. त्यांना सांगा. त्याने वडिलांना फोन लावला, तिकडे दुपार उलटून गेली होती. पलीकडे वाजायला लागल्यावर त्याने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः पाण्यात उभ्या असलेल्या मीराकडे निघून गेला.

मी माझं नाव आणि खातं सांगितलं. पलीकडून किसनरावांनी आधी नमस्कार केला, मग घाबरून विचारलं की पोराचं काही झालं का. मी म्हटलं, तो बरा आहे. मग सांगितलं. लांबवलं नाही. तुमचे कागद पहिल्यांदा दिले तेव्हाच बरोबर होते. पैसा होता, तो आम्ही दुसरीकडे दिला, त्यावर सही माझी आहे, आणि फलकावर लावलेलं खोटं होतं.

आता ते काय बोलतील त्याची मी तयारी करत होते. बोलले असते तर त्यांचा हक्कच होता.

“मॅडम,” ते म्हणाले, “जरा थांबा. हिच्या कानाला लावतो फोन. कागदाचं तेवढं परत एकदा बोला.”

मी परत बोलले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बाईंनी ते ऐकून घेतलं. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, बंद मात्र केला नाही. मग लांबून त्यांचा आवाज ऐकू आला, नवऱ्याशी बोलत होत्या.

“तीन डाव गेलात हो तुम्ही उन्हाचं.”

“मला तरी कुठं ठाव होतं.”

थोडं थांबून त्यांनी विचारलं, चहा टाकू का तुम्हाला. ते हो म्हणाले. भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, आणि मी फोन कानाला धरून तशीच अंगणात उभी राहिले.